शुद्धिपत्र

गुजराती अक्षरांना माथ्यावर रेघ नसते.
उघड्या डोक्यानं उभी असतात बिचारी.
तीस वर्षं मी ती खिळ्याखिळ्यानं जुळवली
भावनगरात, खारगेटच्या मागच्या छापखान्यात.
खिळे उलटे वाचायची डोळ्यांना सवय,
म्हणून सांगतो, हरसुखराय धोळकियांचा मजकूर
उलटा वाचला तरी बोचायचा.

सदऱ्याच्या खिशात दोन पेन्सिली.
तांबडी दोषांसाठी.
निळीला टोक काढलेलं मी फारसं पाहिलं नाही.
प्रुफं तपासताना गाठिये मागवायचे
आणि पुडीच्या तेलकट कागदावरचा मजकूरही
चष्मा कपाळावर चढवून वाचायचे:
"हे शेवटचं क्रियापद कशाला?
वाक्य आधीच घरी पोचलंय."

एकोणऐंशी साली कानजी वेगडचा संग्रह आला.
मिठागरातला पोरगा. बायकोचे पैंजण मोडून
आमच्याकडेच छापलेला, तीनशे प्रती.
हरसुखरायांनी चार पानं लिहिली त्याच्यावर.
अकरा उपमा उसन्या, कुणाकुणाच्या, तेही दिलेलं.
छंद लंगडा. भावना ओली, भाषा कोरडी.
मीच जुळवली ती पानं.
तिसऱ्या पानावर हसलोसुद्धा.

कानजीनं नंतर ओळ लिहिली नाही.
पुढं अलंगच्या किनाऱ्यावर जहाजं मरायला येऊ लागली,
तेव्हा त्यानं रस्त्याकडेला दुकान टाकलं:
कप्तानांच्या खुर्च्या, परक्या लिपीतल्या बश्या,
गाद्या, होकायंत्रं,
दहा देशांची वेळ दाखवणारी बंद घड्याळं.

हरसुखराय तिथून एक दिवा घेऊन आले.
केबिनमधला, पितळी, मान वाकवता येणारा.
मी बरोबर होतो. कानजीनं दिवा पुसला,
भाव सांगितला, घासाघीस झाली,
पाच रुपये कमी झाले.
ओळख कुणीच दिली नाही.
पुढची अठरा वर्षं गुजरातीतलं प्रत्येक नवं पुस्तक
त्या दिव्याखाली तपासलं गेलं.

शेवटच्या हिवाळ्यात त्यांचा हात थरथरायचा.
लेखाऐवजी एक चिठ्ठी पाठवली, निळ्या पेन्सिलीनं:
"शुद्धिपत्र. कानजी वेगड, पान एक्केचाळीस.
'मिठागरात बापाची सावली तेवढी ओली होती.'
या ओळीबद्दल मी तेव्हा काही लिहिलं नाही.
ओळ दिसली होती."

संपादक म्हणाले, कोण वेगड?
अंक तसाही निघाला नाही.
होळीच्या आधी हरसुखराय गेले,
आणि छापखान्याचे खिळे शिसं म्हणून
किलोच्या भावानं विकले,
क, ख, ग, सगळे एका पोत्यात.

विकण्याआधी मी ती चिठ्ठी जुळवून
एक प्रूफ काढलं होतं. एकच.
बसनं अलंगला गेलो.
कानजीचे केस मिठासारखे झालेले
(ही उपमा हरसुखरायांनी खोडली असती).
त्यानं कागद उभ्याउभ्याच वाचला.
मग पुन्हा, बाहेर उन्हात नेऊन.
म्हटला, "पेन्सिल आहे?"

होती. तांबडी. मीच ठेवून घेतलेली.
त्यानं "होती" हा शब्द खोडला.
"हा माझा नाही," म्हटला.
"मी 'ओली'वर थांबलो होतो."

कागद माझ्याकडे परत दिला
आणि एका गिऱ्हाइकाकडे वळला.
त्याला एकसारख्या बारा खुर्च्या हव्या होत्या,
हॉटेलासाठी.
कानजी सांगत होता, बारा मिळतील,
एकीचा पाय तेवढा बदललेला आहे, आधीच सांगतो.